गार्ड हवाय, पण कुणाच्या शेजारी?

मंगळवार, १८ जून २०२४

पहाटे ५:४५

काल रात्री बॉस्टनने डॅलसला १०६-८८ असं लोळवून एनबीएचं विजेतेपद घेतलं, आणि आज उजाडायच्या आत बाकीच्या संघांना एकच डोहाळे लागलेत: जरू हॉलिडे आणि डेरिक व्हाइटसारखे गार्ड. आमच्या मुख्य स्काउटचा निरोप रात्री दोनचा आहे. ‘समोरच्याला अडवेल, थ्री मारेल आणि सारखा चेंडू मागणार नाही, असा एक शोध.’ शोध म्हणे! हॉलिडे २००९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नंबराप्रमाणे नवे खेळाडू निवडतात त्यात, सतरावा गेला, व्हाइट २०१७मध्ये एकोणतिसावा. व्हाइट तर आधी डिव्हिजन टूच्या कॉलेजात खेळायचा, जिकडे एनबीएचे स्काउट सहसा फिरकत नाहीत. आज ज्यांना असे गार्ड हवेत, त्यातल्या बहुतेकांनी ही नावं समोर असताना दुसरंच कुणीतरी उचललं होतं.

माझं काम व्हिडिओ कापायचं आणि आकडे मांडायचं. संघाचं नाव लिहीत नाही, करारात तशी अट आहे. पहिल्या फेरीत आमच्याकडे एकच नंबर आहे, तोही मधला. ड्राफ्ट २६ तारखेला.

सकाळी ६:४५

बाबांचा फोन. नागपुरात संध्याकाळचे सव्वापाच, त्यांचा चहा झालेला. बाबा शाळेत पीटीचे मास्तर होते, त्यामुळे चौकशीची सुरुवात तब्येतीपासून होत नाही.

“तो केंटकीवाला पोरगा, उंची किती रे त्याची?”

“सहा फूट पावणेदोन इंच, बाबा. अनवाणी.”

“एवढाच? मग तो समोरच्या कोणाला अडवणार?”

आमच्या शाळेच्या संघात या उंचीच्या पोराला त्यांनी बास्केटखाली सेंटर म्हणून उभं केलं असतं. इथे तो ठेंगण्या गार्डांत मोजला जातो. पण प्रश्न नेमका तोच होता. आमच्या ऑफिसात त्या प्रश्नावर आठवडाभर बैठका चालल्यात.

सकाळी ८:००

बिनखिडकीची खोली, भिंतीवर चुंबकाचा बोर्ड, प्रत्येक पोराच्या नावाची एक पट्टी. आज गार्डांचा दिवस. पाच पट्ट्या काढून टेबलावर ठेवतो: केंटकीचे रीड शेपर्ड आणि रॉब डिलिंगहॅम, कनेटिकटचा स्टेफॉन कॅसल, प्रॉव्हिडन्सचा डेव्हिन कार्टर, ड्यूकचा जॅरेड मकेन. शेपर्ड आणि कॅसल आमच्या नंबरापर्यंत उरणार नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी ते टेबलावर हवेत. वरचं माप समोर नसलं की खालचा प्रत्येक जण मोठा दिसायला लागतो.

आमची गरज कागदावर साधी आहे. सेंटर चांगला आहे, स्क्रीन लावून, म्हणजे बचावपटूची वाट अडवून, बास्केटकडे झेपावणारा. त्याला वेळेवर पास देणारा नाही. एक गार्ड आहे, धडाधड गुण करतो, पण अंगाने लहान, आणि बचावात प्रत्येक प्रतिस्पर्धी त्यालाच शोधून काढतो. म्हणजे नवा गार्ड या लहान गार्डाच्या शेजारी उभा राहणार. ‘सर्वांत चांगला गार्ड कोण’ आणि ‘याच्या शेजारी कोण’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ड्राफ्टच्या खोलीत निम्मी भांडणं ते एकच समजल्यामुळे होतात.

मे महिन्यात शिकागोच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिरात, सगळ्यांची मापं घेतली गेली. अनवाणी उंची, आणि दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकांमधलं अंतर, म्हणजे विंगस्पॅन. कॅसल ६ फूट साडेपाच इंच, विंगस्पॅन ६ फूट ९. डिलिंगहॅम ६ फूट १, विंगस्पॅन ६ फूट ३, वजन १६४ पौंड, म्हणजे ७४ किलोच्या आसपास. मकेनची उंची आणि विंगस्पॅन साधारण तेवढेच, वजन मात्र बरंच जास्त. कार्टर उंचीला ६ फूट सव्वादोन इंच, पण हात पसरले की ६ फूट पावणेनऊ! कोर्टाची पाऊण लांबी तो २.८७ सेकंदांत पळाला, कंबाइनमध्ये इतकं वेगात कुणी पळालं नव्हतं. मी खूश. स्काउट म्हणतो, “मॅचमध्ये सरळ रेषेत पळायला कोण देतो?” हेही खरं.

मग नेमबाजी. शेपर्डचे थ्री ५२.१ टक्के, कॅसलचे २६.७. नुसतं हे वाचलं तर विषय संपला. पण कॉलेजचा हंगाम तीस-पस्तीस मॅचचा. एवढ्याशा नमुन्यात थ्रीचा आकडा भलतीकडे जातो. म्हणून मी फ्री थ्रो बघतो. तिथे ना बचाव, ना घाई, नुसतं मनगट. टायरिस मॅक्सीने केंटकीत थ्री २९.२ टक्केच मारले होते, पण फ्री थ्रो ८३.३ टक्के. २०२०मध्ये तो एकविसावा गेला, आणि आज फिलाडेल्फियाचा गाडा ओढतोय. कॅसलचे फ्री थ्रो ७५.५ टक्के. फार नाही, पण हात सुधारू शकतो असं म्हणायला जागा आहे.

केंटकी हे प्रकरणच वेगळं. जॉन कॅलिपारीच्या संघात दरवर्षी इतकी गुणी पोरं यायची, की चेंडू वाटूनच खावा लागायचा. डेव्हिन बुकर तिथे एकदाही सुरुवातीच्या पाचांत नव्हता. २०१५मध्ये तेरावा गेला. शाय गिलजस-अलेक्झांडरही हंगामाच्या सुरुवातीला बाकावर होता, २०१८मध्ये अकरावा. शेपर्ड आणि डिलिंगहॅम दोघेही यंदा बहुतेक मॅचेस बाकावरूनच आले. त्यामुळे ‘बाकावरचा खेळाडू आहे’ हा शेरा आमच्या अहवालात आता कुणी लिहीत नाही. लिहिला तर जीएम, म्हणजे आमचा जनरल मॅनेजर, लाल पेन उचलतो.

सकाळी १०:००

व्हिडिओ. दिवसातला माझा आवडता भाग.

कॉलेजचा खेळ आणि एनबीए यांत गार्डाच्या दृष्टीने केवढा फरक आहे, हे आकड्यांत पटकन दिसत नाही. कॉलेजची थ्रीची रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर, एनबीएची समोरून २३ फूट ९ इंचांवर. तिथे शॉट घ्यायला ३० सेकंद, इथे २४. सगळ्यात मोठा फरक म्हणजे एनबीएत बचाव करणाऱ्याला कुणालाही न अडवता बास्केटसमोरच्या रंगीत चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही. कॉलेजात तसा नियम नाही. म्हणजे कॉलेजातला गार्ड ज्या गर्दीत घुसतो ती गर्दी इथे नसते. जो तिथे अडखळतो तो इथे मोकळा सुटू शकतो, आणि जो तिथे लांबून थ्री मारत होता, त्याला इथे आणखी दीड फुटाहून जास्त मागे जावं लागतं.

मी प्रत्येकाचे पिक-अँड-रोल एका ठिकाणी थांबवून बघतो. सेंटर स्क्रीन लावून उभा, गार्ड त्याच्या खांद्याला खांदा घासून वळतोय, आणि त्याचा बचावपटू अर्धं पाऊल मागे पडलाय. इथे थांबवायचं. आता तीन गोष्टी एकदम खुल्या असतात: स्वतः शॉट, झेपावणाऱ्या सेंटरला पास, किंवा कोपऱ्यातला माणूस, ज्याचा बचावपटू मदतीला सरकायच्या बेतात आहे. या फ्रेममध्ये मी गार्डाचे डोळे बघतो. मकेन बहुतेकदा शॉट शोधतो, आणि त्यात वाईट काही नाही. नॉर्थ कॅरोलायना स्टेटविरुद्ध ड्यूक हरलं, तेव्हा ६४ पैकी ३२ गुण एकट्या त्याचे होते. डिलिंगहॅम आधी बास्केट बघतो, मग माणसं. शेपर्डचा पास मात्र बचावपटू सरकायच्या आधीच निघालेला असतो. या बाबतीत तो बाकीच्यांच्या एक वर्ष पुढे आहे, असं माझं मत.

कॅसलचा घोळ असा की त्याचे असे क्लिप फार नाहीत. कनेटिकटमध्ये चेंडू बराच वेळ ट्रिस्टन न्यूटनच्या हातात असायचा. कॅसल समोरच्या संघाच्या चांगल्यात चांगल्या गार्डाला अडवायचा, मोकळ्या जागेत पळायचा. उपांत्य फेरीत अलाबामाविरुद्ध त्याने २१ गुण केले, अंतिम सामन्यात पर्ड्यूला ७५-६० असं हरवताना १५. पहिल्या वर्षाचा पोरगा, आणि चेंडू न मागता विजेतेपद घेऊन आलेला. स्काउटचा रात्री दोनचा निरोप पुन्हा वाचतो. वर्णन यालाच लागू पडतं, आणि म्हणूनच तो आमच्यापर्यंत येणार नाही.

शेवटी केंटकी विरुद्ध ओकलंड. तिसऱ्या मानांकनाच्या केंटकीला चौदाव्या मानांकनाच्या ओकलंडने मार्चमध्ये ८०-७६ असं घरी पाठवलं. ओकलंडच्या जॅक गोल्कीने दहा थ्री मारले. ही मॅच लोक गोल्कीसाठी बघतात. मी स्क्रीनमागून पळणारा तो माणूस केंटकीच्या कुठल्या गार्डाने कितीदा सोडला, ते मोजायला बघतो. चांगल्या दिवसाचे क्लिप एजंटही पाठवतात.

दुपारी १२:३०

डब्यात मटकीची उसळ आणि पोळी. जेवता जेवता खाली सरावाच्या कोर्टवर.

आज चाचणीला आलेल्यांत एक लहानशा कॉलेजचा गार्ड आहे, दुसऱ्या फेरीत गेला तर गेला असा. शॉट बरा, वेग बेताचा. पण एक गोष्ट टिपली. ड्रिलमध्ये पास चुकला की तो मान खाली घालत नव्हता, ज्याला पास द्यायचा होता त्याच्याकडे जाऊन हाताने दाखवत होता: तू इथे असशील असं वाटलं होतं. दुसऱ्या खेपेला तो माणूस तिथेच होता. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे आकडा एकही नाही, एवढंच लिहिलंय. मुख्य स्काउट फोनवर होता. त्याला दिसलं नाही.

दुपारी ३:००

मोठी बैठक. जीएम, मुख्य स्काउट, दोन प्रशिक्षक, डॉक्टर, मी.

स्काउट डिलिंगहॅमसाठी अडून बसलाय. बाकावरून येऊन सरासरी १५.२ गुण, थ्री ४४.४ टक्के, एकास एक असा कुणालाही मागे टाकतो. त्यात खोटं काही नाही. मी कार्टरच्या बाजूने. सरासरी १९.७ गुण, आणि गार्ड असून ८.७ रिबाउंड. त्याचा थ्री यंदा सुधारला, आधी बराच खाली होता, त्यावर स्काउटचा विश्वास नाही. “बावीस वर्षांचा आहे,” तो म्हणतो, “अजून किती वाढणार?”

“आपला छोटा गार्ड आणि डिलिंगहॅम एकाच वेळी कोर्टवर आले, तर समोरच्याच्या मोठ्या गार्डाला अडवणार कोण?” मी विचारतो. बाबांचाच प्रश्न, नाव न सांगता.

मग कुणीतरी पोर्टलंड काढतो. ड्राफ्टच्या बैठकीत पोर्टलंड निघाल्याशिवाय राहत नाही. १९८४ला त्यांचा दुसरा नंबर होता. आदल्याच वर्षी क्लाइड ड्रेक्सलर घेतलेला, म्हणजे गार्ड नको, सेंटर हवा. घेतला सॅम बोवी. तिसऱ्या नंबरावर शिकागोने मायकल जॉर्डन नेला. तेव्हापासून ‘गरज बघू नका, गुण बघा’ हे वाक्य सगळ्यांना पाठ. पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याच पोर्टलंडने २०१२ला वीबर स्टेटचा डेमियन लिलार्ड सहाव्या नंबरावर घेतला, आणि पुढच्याच वर्षी लिहाय कॉलेजचा सी. जे. मॅकॉलम दहाव्यावर, तसाच लहान, तसाच शॉट मारणारा. गुण बघितले. दोघेही उत्तम निघाले. २०१९मध्ये पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत गेले, तिथे गोल्डन स्टेटने ४-० असं उडवलं. अखेर २०२२मध्ये मॅकॉलमला दुसरीकडे पाठवलं.

मला विचाराल तर १९८४ची चूक गरज बघितली ही नव्हती. गरज त्या एका वर्षाची बघितली, ही होती. पहिल्या फेरीच्या पोराचा करार चार वर्षांचा असतो: पहिली दोन पक्की, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. पहिल्या वर्षी तो चुकाच करणार. खरं कामाला येईल तेव्हा २०२६ उजाडलेलं असेल, आणि आमच्या सेंटरचा करार तोवर संपत आलेला असेल. म्हणून शेजारी कोण हा प्रश्न मी विचारतो, पण त्याचं उत्तर अशा गोष्टींत शोधतो ज्या दोन वर्षांनी बदलत नाहीत. हाताची लांबी, पाय, पास कधी सुटतो. लांब हाताच्या गार्डाला कुणाहीशेजारी उभं करता येतं. लहान गार्डाच्या शेजारी मात्र माणसं निवडून ठेवावी लागतात.

प्रशिक्षकांना २०२६शी घेणंदेणं नाही. त्यांना ऑक्टोबरात सुरू होणारा हंगाम दिसतो. तेही रास्तच, नोकरी त्यांचीच जाते.

जीएम निर्णय देत नाही. दोन याद्या मागतो: एक गरजेची, एक गरज पूर्ण विसरून. उद्या सकाळी.

संध्याकाळी ६:३०

दोन्ही याद्या. गरज विसरलेली लवकर झाली: कॅसल, शेपर्ड, डिलिंगहॅम, कार्टर, मकेन. कॅसलला शेपर्डच्या वर ठेवताना ५२.१ डोळ्यांसमोर नाचत होता. ठेवला.

गरजेच्या यादीत कार्टर डिलिंगहॅमच्या वर चढला आणि मकेन तिथेच राहिला. प्रत्येकाखाली दोन ओळी लिहायच्या असतात, जीएम त्याहून जास्त वाचत नाही. कार्टरखाली लिहिलं: ‘छोट्या गार्डाशेजारी चालेल, तो गेला तरी चालेल. पहिल्या वर्षी थ्री बिघडेल, तेव्हा लगेच बाकावर बसवू नये.’ डिलिंगहॅमखाली: ‘पाचांतला सर्वांत अवघड शॉट याचाच. घ्यायचा असेल तर छोट्या गार्डाचं काय करायचं ते आधी ठरवा.’

स्काउटने वाचून दुसऱ्या ओळीत ‘छोट्या गार्डाचं’ खोडून ‘बचावाचं’ केलं. मी पुन्हा ‘छोट्या गार्डाचं’ लिहून पाठवून दिलं.