कृष्णविवर वाजतं तेव्हा

मिरज म्हटलं की तुम्हाला सांगली जिल्ह्यातलं मोठं रेल्वे जंक्शन आठवत असेल. पण त्याच मिरजेत सतारमेकर गल्ली आहे, ती पाहिली आहे का? तिथल्या दुकानांत भले मोठे वाळलेले भोपळे रचून ठेवलेले असतात. हे भाजीचे भोपळे नव्हेत. पंढरपूरच्या बाजूला ते खास वाद्यांसाठी पिकवतात. भोपळा वाळून खडखडीत झाला की कारागीर तो कापतो, त्यावर लाकडाची तबली बसवतो, दांडी जोडतो, खुंट्या लावतो, चार तारा ओढतो आणि तंबोरा उभा राहतो. हे काम करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात तलवारींची मागणी संपत आली, तेव्हा त्याच हातांनी वाद्यं घडवायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

विज्ञानाच्या पानावर तंबोरा कशाला, असं वाटतंय ना? थोडा धीर धरा. या तंबोऱ्यावरून आपल्याला थेट १३० कोटी प्रकाशवर्षं लांब जायचं आहे.

तंबोऱ्याच्या चार तारा साधारणपणे अशा लावतात: एक पंचमाची, दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची जाड तार खर्जाची. म्हणजे प आणि सा, बस्स. गंधाराची तार नसतेच. तरीही सुरात लावलेला तंबोरा छेडला आणि कान देऊन ऐकलं, तर खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो! गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो येतो कुठून?

तार छेडली की ती नुसती एकसंध हलत नाही. ती पूर्ण लांबीने हलते, त्याच वेळी दोन भागांत हलते, तीन भागांत, चार भागांत, पाच भागांतही हलते. दोन भागांत हलताना कंपनं दुप्पट होतात आणि वरचा सा मिळतो. तीन भागांतून पंचम मिळतो, चारांतून आणखी वरचा सा. आणि पाच भागांत हलणारी तार देते गंधार. मूळ स्वराच्या पोटातल्या या स्वरांना उपस्वर म्हणतात. बासरीवर आणि तंबोऱ्यावर एकच सा वाजवला, तरी डोळे मिटून तुम्ही ओळखता की नाही, कोणता आवाज कशाचा? ती ओळख पटते बरीचशी उपस्वरांवरून. वाजणारी वस्तू काय आहे, कशी आहे, हे उपस्वर सांगून टाकतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

इथे एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं: चंद्रशेखर व्यंकट रामन. नोबेल मिळण्याच्या आधी, १९२१ मध्ये, त्यांनी वीणा आणि तंबोरा यांच्यावर एक संशोधन लेख लिहिला. तार बरोबर मध्यावर छेडली, तर तिथे स्थिर बिंदू (न हलणारी जागा) असणारे उपस्वर उमटायला नकोत, असा पाश्चात्त्य वाद्यांवरून मांडलेला नियम होता. रामन यांनी दाखवलं, की तंबोरा हा नियम पाळत नाही. न उमटणारे उपस्वर इथे खणखणीत उमटतात! याचं कारण घोडीत, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीत आहे. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिला किंचित बाक दिलेला असतो. तार त्या बाकावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. त्यातच तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात. मिरजेचा कारागीर घोडी कानसत जातो, तार छेडून ऐकतो, पुन्हा कानसतो. याला जवारी काढणं म्हणतात. मला स्वतःला हे भौतिकशास्त्राच्या उत्तम प्रयोगांपैकी एक वाटतं, आणि ते कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय पिढ्यान् पिढ्या चाललं आहे.

आता पृथ्वी सोडूया.

अवकाशात हवा नाही, म्हणून तिथे आवाज नाही, हे तुम्ही शाळेत शिकलात. पण दोन जड वस्तू एकमेकींभोवती वेगाने फिरल्या, तर खुद्द अवकाशच ताणलं-आवळलं जातं आणि ती हालचाल लाटांसारखी दूर पसरते. या गुरुत्वीय लहरी. आइनस्टाइन यांनी १९१६ मध्ये त्यांचं भाकीत केलं, आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या यंत्रणेने त्या पहिल्यांदा टिपल्या. प्रकाशालाही बाहेर पडू न देणारी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळून गेली होती. त्या लहरींची कंपनं सेकंदाला साधारण ३५ पासून २५० पर्यंत चढत गेली. म्हणजे नेमकी तंबोऱ्याच्या पट्टीतली! संगणकातून ती ध्वनिवर्धकावर सोडली, तर आपल्या कानाला चक्क ऐकू येतात.

पण खरी गंमत मिसळून झाल्यावर सुरू होते. नवं कृष्णविवर लगेच शांत होत नाही. ते थरथरतं. हे १९७० मध्ये गणिताने दाखवलं ते बंगळुरूच्या सी. व्ही. विश्वेश्वर यांनी. तेव्हा कृष्णविवरं खरोखर असतात का, याचीच अनेक शास्त्रज्ञांना शंका होती. विश्वेश्वर यांनी कागदावर कृष्णविवराला धक्का दिला आणि उत्तर आलं, की ते ठरावीक स्वरात थरथरेल आणि विरून जाईल. तो स्वर कोणता, हे ठरवतात फक्त दोनच गोष्टी: कृष्णविवराचं वस्तुमान आणि त्याचा स्वतःभोवती फिरण्याचा वेग. २०१५ चा शोध त्यांनी पाहिला. जानेवारी २०१७ मध्ये ते गेले.

मग उजाडला १४ जानेवारी २०२५, आपला संक्रांतीचा दिवस. लायगोला त्या दिवशी तोवरची सगळ्यात स्पष्ट लहर मिळाली. सूर्याच्या तीसपटींहून जड अशी दोन कृष्णविवरं, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर, एक झाली होती. विचार करा, ती लहर निघाली तेव्हा आपला सह्याद्री नव्हता. साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याचा काळा खडक ज्या लाव्ह्याचा झाला, तो लाव्हा वाहिला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. लहर त्याच्या वीसपट आधी निघालेली!

सप्टेंबर २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी या लहरीचा अभ्यास जाहीर केला. नव्या कृष्णविवराच्या थरथरीत त्यांना एक नाही, दोन स्वर मिळाले. मुख्य स्वर आणि त्याचा उपस्वर! तारेचं दुप्पट-तिप्पट असं सोपं गणित इथे चालत नाही. इथला उपस्वर मुख्य स्वराच्या जवळचाच असतो आणि त्याच्याहून लवकर विरतो. सगळा खेळ सेकंदाच्या काही हजारांश भागांत आटोपतो. पण मघाचं वाक्य आठवा. एका स्वरावरून वस्तुमान आणि फिरकी काढली, दुसऱ्या स्वरावरून पुन्हा काढली, आणि दोन्ही उत्तरं जुळली. वाजणारी वस्तू कृष्णविवरच होती, आणि गणिताने सांगितलं होतं तशीच.

त्याच लहरीने आणखी एक गोष्ट तपासून दिली. १९७१ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी म्हटलं होतं, की कृष्णविवरं एक झाली तरी त्यांचं एकूण पृष्ठफळ कधी घटत नाही. पृष्ठ म्हणजे इथे कुठला घट्ट पृष्ठभाग नव्हे, तर जिथून प्रकाशही परत येत नाही ती सीमा. मिसळण्याआधी दोघांचं मिळून पृष्ठफळ होतं सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, आणि मिसळल्यावर झालं सुमारे ४ लाख. आपला महाराष्ट्र आहे सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटरचा. म्हणजे आधी महाराष्ट्रापेक्षा लहान, नंतर मोठं! आणि एवढ्याशा जागेत साठ सूर्यांहून जास्त ऐवज.

हे सगळं मोजलं कसं? लायगोच्या चार-चार किलोमीटर लांब दोन भुजांत आरसे टांगलेले असतात. गुरुत्वीय लहर आली की ही लांबी बदलते, पण किती? प्रोटॉनच्या रुंदीच्या काहीशेव्या हिश्श्याएवढी. साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातल्या मुलांना जमिनीचे हादरे माहीत आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लहान धक्के तिथे आजही बसतात. त्यातला छोट्यात छोटा धक्कादेखील या लहरीपेक्षा अफाट मोठा. रस्त्यावरून ट्रक गेला तरी जमीन त्याहून कितीतरी जास्त हलते. म्हणून लायगोच्या दोन वेधशाळा एकमेकींपासून ३ हजार किलोमीटर दूर आहेत. ट्रक एकीकडेच जाईल, पण अवकाशातून आलेली लहर दोन्हीकडे नोंदली जाईल. शिवाय प्रत्येक आरसा ४० किलोचा आणि तो टांगलेला असतो काचेच्या चार तारांवर. प्रत्येक तार अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. आणि तारा म्हटलं की त्या वाजणारच! या काचेच्या तारांचाही स्वर असतो, सेकंदाला सुमारे ५०० कंपनांचा, आणि शास्त्रज्ञांना तो मुद्दाम दाबून ठेवावा लागतो.

अशीच वेधशाळा आपल्या महाराष्ट्रात होणार आहे. साताऱ्याच्या औंधला नव्हे हं, मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. इतर वेधशाळांपासून ती लांब असल्याने लहर आकाशात कुठून आली, हे आजच्यापेक्षा पुष्कळ अचूक कळेल. गोंगाटातून लहरींचा खरा संकेत कसा वेचायचा, याच्या गणितात पुण्याच्या आयुका संस्थेतले संजीव धुरंधर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून गुंतलेले होते.

आणि खर्ज? विश्वाचा खर्जही सापडला आहे म्हणा ना. काही गुरुत्वीय लहरी इतक्या संथ असतात, की त्यांचं एक कंपन पुरं व्हायला वर्षानुवर्षं लागतात. त्यांच्यासाठी चार किलोमीटरची भुजा अगदीच तोकडी. मग शास्त्रज्ञांनी आकाशातली घड्याळं वापरली. ही घड्याळं म्हणजे पल्सार, सेकंदाला शेकडो वेळा गिरक्या घेणारे आणि प्रत्येक गिरकीला रेडिओ संदेश पाठवणारे मृत तारे. त्यांचे संदेश किंचित लवकर-उशिरा येऊ लागले, की मधलं अवकाश हललं असं समजायचं. २९ जून २०२३ रोजी जगभरच्या गटांनी अशा लहरींचा पुरावा जाहीर केला. त्यात नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण होती. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. ताऱ्यांमधल्या जागेतले इलेक्ट्रॉन रेडिओ संदेशांना थोडं रेंगाळवतात. तो उशीर वजा करायला खोडदची मोजणी फार कामी आली. महाप्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या या लहरी उठवत असाव्यात, असा अंदाज आहे.

खोडदला दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमाराला मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं. शाळांची मुलं तिथे आपले प्रयोग मांडतात आणि दुर्बीण जवळून बघता येते. सांगली-साताऱ्याच्या शाळांनो, यंदाची सहल तिकडे काढा. बाईंना, सरांना आत्ताच सांगून ठेवा, प्रश्न वहीत लिहून न्या, आणि तिथे मोबाइल बंद ठेवा, कारण त्याच्या रेडिओ लहरी दुर्बिणीच्या कामात अडथळा आणतात.