भाव वर्षाला किती टक्क्यांनी वाढला?

आमच्या अणदूर भागात खरिपाला सोयाबीन, म्हणून शेकडेवारीला उदाहरण सोयाबीनच्या हमीभावाचंच घेते. २०१४-१५ ला क्विंटलला २५६० रुपये, २०२४-२५ ला ४८९२. वाढ सुमारे ९१ टक्के. इथवर मुलं बरोबर येतात. "मग वर्षाला किती?" विचारलं की ९१ भागिले १०, उत्तर ९.१! मोठी माणसंही हेच करतात.

पडताळून बघा. २५६० ला १.०९१ ने सलग दहा वेळा गुणलं तर ६११६ च्या आसपास येतात. ४८९२ कुठे, ६११६ कुठे! कारण दुसऱ्या वर्षीचे टक्के पहिल्या वर्षी वाढलेल्या भावावर लागतात, चक्रवाढ व्याजासारखे. म्हणून मांडणी अशी:

२५६० × (गुणक)^१० = ४८९२

दहावं मूळ मुलांना शिकवायची गरज नाही. अंदाजाने गुणक घेऊ द्या. १.०६ घेतला तर ४५८५, कमी पडले. १.०७ ला ५०३६, जास्त झाले. १.०६७ ला जवळजवळ जुळतं. म्हणजे वर्षाला सरासरी ६.७ टक्के.

सरासरीच बरं का! २०२१-२२ ला ३८८० चे ३९५० झाले, दोन टक्केसुद्धा नाहीत.

पालकांकडे खताच्या पोत्याची जुनी पावती असेल तर त्याचाही गुणक मुलांकडून काढून घ्या आणि १.०६७ शेजारी ठेवा.