तिखटाचा आकडा आणि जिभेची निवड

तिखट आवडणे ही अनेक समाजांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. परंतु जो पदार्थ जिभेला लागताच डोळ्यांत पाणी आणतो, कान तापवतो आणि खाणाऱ्याला काही मिनिटे धड बोलूही देत नाही, अशा पदार्थाच्या बाटल्या हौसेने जमवणे, त्या एकमेकींशी ताडून पाहणे आणि त्यांतून आपल्या आवडीची एक ठरवणे, हा छंद मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत फोफावला. ‘हॉट सॉस’ या नावाने तेथे ओळखला जाणारा पदार्थ मुळात साधा असतो: मिरची, मीठ आणि व्हिनेगर, म्हणजे सिरका, एवढ्यावर तो उभा राहतो आणि त्यातील आंबटपणामुळे महिनोन्महिने टिकतो. मराठी स्वयंपाकघरातील ठेचा किंवा खर्डा हा त्याचा लांबचा नातलग म्हणता येईल, मात्र ठेचा ताजा आणि भरड असतो, तर हॉट सॉस पातळ आणि मुरलेला असतो. त्याहून जवळचे नाते गोव्यातील रेशाद मसाल्याशी आहे, कारण लाल मिरची सिरक्यात वाटण्याची ती रीत पोर्तुगीजांच्या सहवासात घडली आणि मिरचीही याच पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात अमेरिका खंडातून भारतात आणली.

हॉट सॉसचे खरे वैशिष्ट्य त्याच्या पाककृतीपेक्षा त्याच्या जागेत आहे. आमटीत किंवा रश्श्यात तिखट किती घालायचे हे स्वयंपाक करणारी व्यक्ती ठरवते आणि पंगतीतील सर्वांना ते सारखेच वाट्याला येते. हॉट सॉस मात्र ताटाशेजारी असतो, खाणारा स्वतःच्या हाताने तो थेंबाथेंबाने घेतो, म्हणजे तो अस्सल तोंडीलावणे असतो. एकाच मेजावर बसलेल्या चौघांच्या चार बाटल्या असू शकतात, म्हणून ‘माझा सॉस’ ही भावना तेथे सहज रुजली.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध नाव टबॅस्कोचे आहे. लुईझियाना राज्यातील एव्हरी आयलंड या मिठाच्या भूगर्भीय घुमटावर वसलेल्या जागी एडमंड मॅकइल्हेनी या पूर्वाश्रमीच्या बँक व्यावसायिकाने १८६८ मध्ये हा सॉस विक्रीस आणला. पिकलेल्या लाल मिरच्या मिठासह वाटून तो लगदा ओकच्या लाकडी पिंपांत भरायचा, झाकणावर मिठाचा थर द्यायचा आणि तीन वर्षांपर्यंत मुरू द्यायचा, अशी त्याची रीत आजही चालू आहे. या काळात लगद्यात आंबवण, म्हणजे किण्वन घडते: इडलीचे पीठ ज्या प्रकारच्या जिवाणूंमुळे आंबते, त्याच कुळातील जिवाणू मिरचीतील साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात आणि मिरचीचा कच्चा, हिरवट वास जाऊन एक खोल, किंचित उग्र स्वाद तयार होतो. १९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरातल्या अँकर बारमध्ये तळलेले कोंबडीचे पंख तिखट सॉस आणि लोण्यात घोळवण्याची रीत सुरू झाली आणि हॉट सॉसला देशभर एक हक्काचा जोडीदार मिळाला. पुढे १९८० मध्ये व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेल्या डेव्हिड ट्रान यांनी लॉस एंजेलिसमध्ये कंपनी काढली, ज्या जहाजाने देश सोडला त्याचेच ‘हुई फाँग’ हे नाव तिला दिले आणि थायलंडमधील सी राचा या किनारी गावाच्या नावाने ओळखला जाणारा लसणीचा, गोडसर सॉस हिरव्या टोपणाच्या बाटलीतून घरोघरी पोहोचवला. हे सर्व सॉस चवीने तिखट असले तरी अतितिखट नव्हते.

अतितिखटाची स्पर्धा समजण्यासाठी तिखटाचे माप समजणे आवश्यक आहे. विल्बर स्कोव्हिल हे डेट्रॉइटमधील पार्क-डेव्हिस या औषध कंपनीत काम करणारे औषधशास्त्रज्ञ होते. औषधी लेपासाठी लागणाऱ्या मिरचीचा जोर मोजण्याची गरज असल्याने त्यांनी १९१२ मध्ये एक पद्धत मांडली, जिच्यात वाळलेल्या मिरचीचा मद्यार्कातील अर्क साखरेच्या पाण्यात उत्तरोत्तर पातळ केला जाई आणि पाच चाखणाऱ्यांपैकी तिघांना तिखटपणा जेमतेम जाणवेल तोवरचा पातळपणा हाच त्या मिरचीचा आकडा ठरे. ढोबळी मिरचीचा आकडा शून्य, हालापेन्यो या मेक्सिकन मिरचीचा साधारण २,५०० ते ८,०००, तर हबनेरोचा १ लाख ते साडेतीन लाख येतो. मिरचीला तिखटपणा देणारे शुद्ध कॅप्सेसिन १ कोटी ६० लाखांवर जाते. चाखणाऱ्यांची जीभ लवकर थकते आणि प्रत्येकाची जीभ वेगळी असते, हे या पद्धतीतील उघड दोष असल्याने आता प्रयोगशाळेतील यंत्राने कॅप्सेसिनचे प्रमाण मोजून त्यावरून स्कोव्हिल आकडा काढतात. मात्र लेबलावर मिरवला जाणारा आकडा पुष्कळदा वाळलेल्या मिरचीचा असतो, बाटलीतील सॉसचा नव्हे. लाखाच्या घरातील मिरची टोमॅटो, गाजर आणि सिरक्यात मिसळली की सॉस हजारांत उतरतो, ही साधी गोष्ट जाहिराती सहसा सांगत नाहीत.

१९९३ मध्ये डेव्ह हर्शकॉप यांनी बाजारात आणलेल्या ‘डेव्ह्ज इन्सॅनिटी सॉस’ने या खेळाचे नियम बदलले. त्यात मिरचीसोबत मिरचीचा अर्क, म्हणजे ओलिओरेझिन हा द्रावकाने काढलेला दाट तेलकट पदार्थ वापरला होता, त्यामुळे कोणत्याही पिकाच्या नैसर्गिक मर्यादेची पर्वा न करता तिखटपणा वाढवणे शक्य झाले. आल्बुकर्की येथील तिखट पदार्थांच्या राष्ट्रीय प्रदर्शनात या सॉसवर बंदी आली आणि त्या बंदीइतकी प्रभावी जाहिरात त्याला दुसरी कोणतीही करता आली नसती. त्यानंतर कवट्या, शवपेट्या आणि मृत्यूची नावे असलेल्या बाटल्यांची रांग लागली. (भारतातही, विशेषतः केरळात, ओलिओरेझिनचा मोठा उद्योग आहे; पण कर्नाटकातील ब्याडगी मिरचीचा अर्क मुख्यतः तिच्या गर्द लाल रंगासाठी काढतात, जळजळीसाठी नव्हे.) अर्काचा तोटा चवीत दिसतो: जळजळ भरपूर होते, पण मिरचीचा गंध नाहीसा होऊन एक कडवट, रसायनासारखी छटा जिभेवर रेंगाळते.

दुसरी वाट संकरातून अधिक तिखट मिरची पिकवण्याची होती आणि तिची सुरुवात ईशान्य भारतातून झाली. आसाममधील तेजपूर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने २००० मध्ये तेथील एका मिरचीचा आकडा ८ लाख ५५ हजार असल्याचे जाहीर केले, तेव्हा अनेकांचा त्यावर विश्वास बसला नाही. पुढे न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठातील चिली पेपर इन्स्टिट्यूटचे पॉल बॉसलँड यांनी आसाममधीलच भूत जोलोकिया ही मिरची स्वतः लावून मोजली. ती १० लाखांच्या पुढे गेली आणि २००७ मध्ये गिनीज बुकाने तिला जगातील सर्वांत तिखट मिरची ठरवले. दहा लाखांची वेस ओलांडली गेल्यावर मान वारंवार हातबदल करू लागला. दक्षिण कॅरोलायनातील एड करी यांची कॅरोलायना रीपर २०१३ मध्ये पहिली आली आणि त्यांच्याच पेपर एक्स या मिरचीने २०२३ मध्ये सरासरी २६ लाख ९३ हजार हा आकडा नोंदवला.

या स्पर्धेला घराघरांत नेले ते २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘हॉट वन्स’ या मुलाखतींच्या कार्यक्रमाने. शॉन एव्हन्स हे सूत्रधार आणि त्यांचे प्रसिद्ध पाहुणे दहा पंख चढत्या तिखटपणाच्या सॉसांसह खातात आणि प्रश्नोत्तरे चालू ठेवतात. तेथील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे: बहुतेक पाहुण्यांचा धीर शेवटच्या, लाखोंच्या आकड्यांच्या सॉसला सुटत नाही, तर त्याच्या अलीकडील ‘द बॉम्ब’ या अर्कयुक्त सॉसला सुटतो, ज्याचा लेबलावरील आकडा १ लाख ३५ हजार ६०० एवढाच आहे. मोठ्या आकड्याचा सॉस अधिक त्रासदायक असलाच पाहिजे, हे गृहीतक येथेच लंगडे पडते.

तिखट ही मुळात चव नसून वेदनेची संवेदना आहे. डेव्हिड जूलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये कॅप्सेसिन ओळखणारा चेतातंतूंवरील ग्राहक शोधून काढला; हाच ग्राहक साधारण ४३ अंश सेल्सिअसपुढील उष्णतेनेही जागा होतो, म्हणून मेंदूला मिरची आणि चटका यांतील फरक कळत नाही. या संशोधनासाठी जूलियस २०२१ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले. ‘तोंडाची आग झाली’ असे म्हणणारी मराठी भाषा अतिशयोक्ती करत नाही. ती त्या ग्राहकाचा निरोप जसाच्या तसा देते. पक्ष्यांमधील हा ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नसल्याने ते मिरच्या निवांत खातात आणि बिया दूरवर पसरवतात. बियांबद्दल एक समजही येथेच दूर करायला हवा: कॅप्सेसिन बियांत नव्हे, तर बिया ज्या पांढरट गाभ्याला चिकटलेल्या असतात त्या गाभ्यात तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाण्याने फारसा आराम पडत नाही. दुधाने मात्र पडतो आणि पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील २०१९ च्या अभ्यासात सायीचे आणि बिनसायीचे दूध सारखेच उपयोगी ठरल्याने याचे श्रेय स्निग्धांशापेक्षा दुधातील प्रथिनांना द्यावे लागते.

वेदनेची आवड माणसाला का लागावी, याचा माग मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मेक्सिकोतील एका खेड्यात घेतला. तेथील मुले कोणाच्या सक्तीवाचून मोठ्यांचे पाहून हळूहळू तिखटाकडे वळत. त्याच घरांच्या उकिरड्यावरचे मिरचीमिश्रित उष्टे रोज खाणाऱ्या कुत्र्यांना आणि डुकरांना मात्र तिखटाची गोडी लागली नव्हती. शरीर धोक्याची घंटा वाजवत असताना धोका खरा नाही हे मनाला ठाऊक असते आणि त्या जाणिवेतच मौज असते, असे रोझिन यांचे प्रतिपादन असून तिला निरुपद्रवी आत्मपीडा असे नाव त्यांनी दिले. भयपटाला किंवा जत्रेतील उंच पाळण्याला गर्दी होते तीही याच न्यायाने.

तथापि मौज एकदाच घ्यायची असते आणि आवडीचा सॉस रोज लागतो, त्यामुळे निवडीचे निकष वेगळे ठरतात. बॉसलँड यांनी तिखटपणाचे वर्णन पाच अंगांनी करण्याचा आग्रह धरला आहे: तो किती तीव्र आहे, किती लवकर जाणवतो, किती वेळ टिकतो, तोंडात कोठे जाणवतो आणि सुयांसारखा टोचतो की कुंचल्याने रंग फासावा तसा सपाट पसरतो. हालापेन्योचा तिखटपणा चटकन येऊन ओसरतो; हबनेरो थोडा वेळ गप्प राहून मग घशाकडे पेटते आणि बराच वेळ तशीच राहते. आकड्यात या फरकाचा मागमूस नसतो. त्यातच गंधाची भर पडते: हबनेरो आणि तिची कॅरिबियन बहीण स्कॉच बॉनेट यांना जर्दाळूसारखा फळाचा सुवास असतो, म्हणून बेलिझमधील सॉसात गाजर आणि बार्बाडोसच्या पिवळ्या सॉसात मोहरी त्यांच्याशी उत्तम जमते, तर मेक्सिकोतील सुक्या मिरच्यांचे सॉस खमंग, मातकट आणि कमी आंबट असतात. तळलेल्या, तुपकट पदार्थाला लुईझियानाचा आंबट पातळ सॉस मानवतो. तोच वरणासारख्या सौम्य पदार्थावर केवळ सिरक्याचा वास सोडतो. रसिकांच्या जगात मुरलेली मंडळी बहुधा शिखराच्या पुष्कळ खाली, काही हजारांपासून लाखभरापर्यंतच्या पट्ट्यात स्थिरावतात आणि शिखरावरील बाटली पाहुण्यांना घाबरवण्यापुरती फळीवर ठेवतात. हा त्यांचा भित्रेपणा नसून चोखंदळपणा मानावा लागेल.

पैजेखातर खाल्लेले अतितिखट मात्र निरुपद्रवी राहीलच असे नाही. अमेरिकेत कॅरोलायना रीपर स्पर्धेत खाल्ल्यानंतर एका तरुणाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकुंचन पावून असह्य डोकेदुखी झाल्याची नोंद २०१८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात आव्हान म्हणून विकली जाणारी अतितिखट चकती खाल्लेला चौदा वर्षांचा मुलगा दगावला आणि ते उत्पादन बाजारातून मागे घेतले गेले. त्या मुलाला जन्मजात हृदयदोष होता, पण असा दोष आहे हे अनेकांना आधी ठाऊक नसते.

म्हणून नवा सॉस घेणाऱ्याने बाटलीच्या दर्शनी बाजूवरील कवटीऐवजी मागील बाजूवरील घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असल्याने मिरची पहिल्या दोन-तीन नावांत आहे की नाही आणि ‘अर्क’ हा शब्द कोठे लपला आहे का, हे तेथे लगेच कळते. पहिला घास चमच्याने न घेता दातकोरणीच्या टोकावरचा एक थेंब साध्या भातावर किंवा पावाच्या तुकड्यावर घ्यावा, पुरती दोन मिनिटे थांबावे, कारण काही मिरच्या उशिरा बोलतात, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नये.