जुन्या घराच्या प्लास्टरमध्ये ॲस्बेस्टॉस? तोडफोडीआधी हे वाचा

महाल, इतवारीतल्या जुन्या घराची भिंत फोडली की गिलाव्यातून कधी कधी तंतू निघतात. ॲस्बेस्टॉस? बहुतेकदा नाही. तडे जाऊ नयेत म्हणून चुन्यात ताग, काथ्या मिसळत असत. पण नुसत्या नजरेने खात्री होत नाही. फुप्फुसात जाणारे ॲस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसतच नाहीत.

खरी शंका घ्यायची ती मागच्या छपरीवरच्या करड्या सिमेंटच्या पत्र्यांची आणि जुन्या सिमेंट पाइपची. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदी नाही. त्यामुळे घर नवं असलं तरी निर्धास्त राहता येत नाही. पत्रा शाबूत असेल तर धोका कमी. ग्राइंडर लावला की धूळ उडते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांमुळे कर्करोग होतो, आणि तो दिसायला २०-३० वर्षंही लागतात.

शंका आली तर काम थांबवा. जागा ओली करून छोटा तुकडा दुहेरी पिशवीत बंद करा. एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला आधी फोन करून ही चाचणी होते का, ते विचारा. तोवर कोरडा झाडू नको. मिस्त्रींच्या तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही.