हात काय सांगतात?

जुन्या बैलबाजारातील एक दृश्य आपल्या वाडवडिलांच्या परिचयाचे होते. दोघे समोरासमोर बसत, हातांवर उपरणे टाकीत आणि त्या आडोशाखाली एकमेकांची बोटे दाबून बैलाचा भाव ठरवीत. तोंडाने अवाक्षर निघत नसे. ही रीत फार प्राचीन आहे. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याने आपल्या देशातील हिऱ्यांच्या व्यापारात ती पाहिली. सबंध हात धरणे म्हणजे हजार, एक बोट धरणे म्हणजे शंभर, असे संकेत त्याने नोंदविले आहेत.

भाव उपरण्याखाली झाकता येतो. मन तितके झाकत नाही. सोयरिकीच्या बैठकीत किंवा बांधाच्या वाटणीत मूठ वळली, बोट रोखले गेले, की शब्द कितीही गोड असले तरी समोरचा सावध होतो. उघडा तळहात मात्र विश्वास वाढवितो.

तरीही हातांवरून मनाचा निवाडा करण्याची घाई नसावी. हाताची घडी हे नकाराचे लक्षण होय, असे पाश्चात्त्य पुस्तके सांगतात. आपल्या शाळांतून मात्र ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही शिस्त शिकविली गेली! बैठकीत घडी घालून बसलेला वृद्ध कदाचित आदरानेच ऐकत असेल.

आमच्या बडोद्याच्या इतिहासात याचे बोलके उदाहरण आहे. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीस पंचम जॉर्ज यांचा दरबार भरला. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी लवून अभिवादन केले आणि हातात छडी घेऊन, पाठ फिरवून ते परतले. बादशहांस पाठ दाखवू नये, असा दरबारी रिवाज होता. इंग्रजांना त्यात राजद्रोह दिसला. आपण गोंधळलो होतो, अनादराचा हेतू नव्हता, असा खुलासा महाराजांनी व्हाइसरॉय हार्डिंज यांना पत्राने केला. त्यांच्या मनात काय होते, याविषयी आजही मतभेद आहेत. क्षणभराच्या हालचालीने संशयाची छाया मात्र पडली.

याउलट, हात मुद्दाम खोटेही बोलू शकतात. पिलाताने जमावाशी बरब्बा की येशू अशी घासाघीस केली आणि अखेर पाणी मागवून सर्वांसमक्ष हात धुतले (मत्तय २७:२४). हात निर्दोषत्व सांगत होते. त्याच माणसाने निरपराध प्रभूला क्रुसावर देण्यास सोपविले.

म्हणून व्यवहाराच्या वेळी दोन गोष्टी पाळाव्यात. दुसऱ्याच्या हातांविषयी शंका आली, तर मनात गाठ न बांधता सौम्यपणे विचारावे, “भाऊ, काही खटकले का?” आणि आपल्या हातांवर आपण लक्ष ठेवावे. रविवारी मिस्सेत शांतीची खूण म्हणून ज्या भावापुढे आपण हात जोडतो, त्याच्याशीच सोमवारी बांधाची बोलणी करावयाची असतात. तेथे ते हात मुठी वळून जाऊ नयेत.