अपोलो बंदरावरचे शिडांचे वर्ष

नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ वाहतात आणि होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. अपोलो बंदरावर, गेटवे ऑफ इंडियाजवळ असलेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबचे वर्षही याच पावसाच्या पंचांगावर चालते, फक्त थोडे मागून. परतीचा पाऊस सरला, आभाळ निवळले, की बंदरात एकेक पांढरे शीड चढू लागते.

क्लबची स्थापना १८४६ची. ‘रॉयल’ ही पदवी १८७६मध्ये मिळाली. इंग्रजी अमदानीत इथले सभासदत्व युरोपियनांपुरते होते. ज्यांच्या पूर्वजांनी मुंबईच्या याच बेटांवर गलबते बांधली, त्यांना इथे शीड धरायची मुभा नव्हती. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. बंदरावरच्या क्लबच्या जुन्या इमारतीत १९४९मध्ये होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था आली आणि कुलाब्याची वास्तू उभी राहीपर्यंत तिथेच नांदली. क्लबचा संसार समोरच्या दगडी इमारतीत चालू राहिला.

हिवाळा हा शर्यतींचा हंगाम. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा मंद असतो, कधी अगदीच पडतो. ऊन चढले की दुपारी पश्चिम-वायव्येकडून खारा वारा धरतो आणि शिडे फुगतात. पण मुंबईच्या बंदरात वाऱ्याइतकेच राज्य भरती-ओहोटीचे. उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेचार मीटरांच्या आसपास फरक पडतो. एवढे पाणी सहा तासांत आत येते आणि तितक्याच वेळात बाहेर जाते. वारा पडलेला आणि ओहोटी जोरात असली, तर बोटीचे नाक पाणी कापत असते, पण काठावरच्या खुणेकडे पाहावे तर बोट मागे सरकत असते! म्हणून इथला खलाशी आधी भरतीचे कोष्टक बघतो. या रविवारी उधाण असेल, तर पुढच्या रविवारी भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती. एकच मार्ग दर आठवड्याला नवा होतो.

शर्यतीचा आरंभ हीच एक कला आहे. पंचांची बोट आणि एक बोया यांच्यामध्ये मनाने आखलेली रेषा, तीच सुरुवात. पाच मिनिटे आधी इशाऱ्याचे निशाण चढते. शिडाच्या बोटीला ब्रेक नसतो, म्हणून सगळ्या बोटी रेषेमागे घिरट्या घालत सेकंद मोजत राहतात. वाऱ्याच्या थेट तोंडावर कोणतीच बोट जाऊ शकत नाही. तिरके वळसे घेत, नागमोडी चढावे लागते. दोन बोटी समोरासमोर आल्या, तर जिच्या उजव्या बाजूने वारा येतो तिला वाट द्यायची. पाण्यावर प्रत्येक वळणापाशी पंच नसतो. चूक झाली तर खेळाडूने आपणहून बोटीला दोन गिरक्या देऊन दंड भरायचा. गुणांचा हिशेबही उलटा: पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि अखेरीस सर्वांत कमी गुणांचा धनी विजेता.

या बंदराने देशाला पदके दिली आहेत. १९८२चे आशियाई खेळ दिल्लीचे म्हणून ओळखले जातात, पण शिडांच्या शर्यती मुंबईत झाल्या. फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ प्रकारात सुवर्णपदक जिंकले. तारापोर पुढे १९८४, १९८८ आणि १९९२ अशा तीन ऑलिंपिकमध्ये उतरले. कुलाब्याला लष्कराचे यॉटिंग केंद्र आहे. तिथे घडलेल्या विष्णू सरवणनने हांगचौच्या आशियाई खेळांत कांस्यपदक मिळवले.

मे महिना सरता सरता बंदरातल्या लाटा बदलतात. दक्षिणेकडून लांब उसळी येऊ लागते आणि बोटी वर काढायची घाई सुरू होते. तळाला चिकटलेले शिंपले आणि शेवाळ खरवडायचे, शिडे गोड्या पाण्याने धुऊन सुकवायची, बोटी शाकारून ठेवायच्या. लाकडी बोटीची निगा वेगळीच. जमिनीवर फळ्या सुकतात, फटी उघडतात. हंगामाआधी त्या बुजवाव्या लागतात, आणि पाण्यात उतरल्यावर लाकूड फुगेपर्यंत आत झिरपणारे पाणी उपसावे लागते. कारागिरांच्या या पावसाळी मेहनतीवरच पुढची प्रत्येक शर्यत उभी असते.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या फेऱ्याही थांबलेल्या. मग शर्यतपटू देशावर सरकतात. हैदराबादच्या हुसेनसागरावर पावसाळ्यातच राष्ट्रीय पातळीच्या शर्यती रंगतात, कारण समुद्राची उसळी नसलेल्या तलावावर मोसमी वारा चांगला खेळता येतो.

हैदराबादकडून शिकण्यासारखे आणखी एक आहे. तिथल्या यॉट क्लबने हातावर पोट असलेल्या घरांतली मुले निवडून त्यांच्या हाती शिडाची दोरी दिली. त्यांतली प्रीती कोंगारा आशियाई खेळांपर्यंत पोहोचली. तेही समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, एका तलावावर.

महाराष्ट्राला ७०० किलोमीटरांहून लांब किनारा आहे. वारा आणि पाणी जन्मापासून वाचणारी कोळीवाड्यांतली मुले आहेत. ‘ऑप्टिमिस्ट’ ही मुलांची बोट जेमतेम पावणेआठ फुटांची आणि ३५ किलोंची. ती चालवायला एक मूल पुरते. ससून डॉक, हर्णै, रत्नागिरी, मालवण अशा ठिकाणी बोटी पाण्यात उतरवायला एकेक सार्वजनिक उतार, चार लहान बोटी आणि एक जाणता शिक्षक एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाने जागा द्यावी, जुन्या क्लबांनी आपले पंच आणि प्रशिक्षक द्यावेत, शाळांनी पोहता येणारी मुले पाठवावीत. येत्या हंगामापासूनच याला हात घालायला हवा.