तडजोड कागदावर, पैशाचा संबंध उजेडात

सोलापूरच्या पेठांतील व्यापार पिढ्यान्‌पिढ्या शब्दावर चालत आला. दुकानाची वाटणी असो वा भागीदारीचा हिशेब, वडीलधाऱ्यांनी बैठकीत सांगितले की विषय मिटे. परंतु वाद एकदा न्यायालयात दाखल झाला, की केवळ शब्द पुरत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने स्पष्ट अट आली: दाव्यातील तडजोड लेखी हवी आणि तिच्यावर पक्षकारांच्या सह्या हव्यात. गुरप्रीतसिंग विरुद्ध चतुर्भुज गोयल या प्रकरणात न्यायालयासमोर तोंडी मान्य केलेली तडजोडही सर्वोच्च न्यायालयाने पुरेशी मानली नाही. म्हणून बैठकीत ठरलेले सारे तडजोड पुरसिसमध्ये उतरले पाहिजे. कोणाला कोणती मिळकत, किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत, आणि हप्ता चुकल्यास काय, हे तिच्यात नमूद असावे.

सहीपूर्वी सावधपणे वाचणेही तितकेच अगत्याचे आहे. संमतीने झालेल्या हुकूमनाम्याविरुद्ध सहसा अपील चालत नाही. तडजोडच बेकायदेशीर होती, असे म्हणून नवा दावाही लावता येत नाही. तो आक्षेप त्याच न्यायालयापुढे मांडावा लागतो. अज्ञान वारसाच्या वतीने तडजोड करताना न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. दाव्यात नसलेली स्थावर मिळकत तडजोडीत आणली, तर हुकूमनाम्याची नोंदणी करावी लागते.

दुसरा प्रश्न पैशाचा. दाव्याचा खर्च कधी कधी तिऱ्हाईत उचलतो आणि मोबदल्यात मिळकतीतील हिस्सा ठरवून घेतो. वकिलाला असा व्यवहार वर्ज्य आहे. इतरांना तो सरसकट निषिद्ध नाही. मात्र महाराष्ट्रात आदेश २५ मधील दुरुस्तीने अशा व्यक्तीला पडद्याआड राहू दिलेले नाही. वादीने खर्चासाठी दाव्यातील मिळकतीचा हिस्सा दिला वा देण्याचे कबूल केले असेल, तर न्यायालय त्या व्यक्तीला तिच्या संमतीने वादी करू शकते, तिने नकार दिल्यास प्रतिवादी करू शकते, आणि प्रतिवादीच्या खर्चापोटी तारण मागू शकते. खटला लढवणारा खरा पैसा कोणाचा, हे समोरच्याला कळावे आणि तो जिंकल्यास त्याचा खर्च बुडू नये, हा त्यामागील हेतू.

हीच कसोटी निवाडा करणाऱ्यालाही लागू आहे. ज्या कंपनीचे समभाग आपल्याकडे आहेत, तिचे प्रकरण न्यायाधीशाने आपला संबंध उघड केल्याविना आणि पक्षकारांची हरकत नसल्याविना चालवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या मूल्यसंहितेत म्हटले आहे. लवाद कायद्याच्या कलम १२ नुसार लवादाने पक्षकारांशी व वादविषयाशी असलेला आर्थिक, व्यावसायिक वा अन्य संबंध आधीच लेखी कळवायचा असतो. समाजातील मान्यवर व्यक्तीला लवाद नेमताना हे विशेष जपावे. तिचा मुलगा एखाद्या पक्षकाराच्या पेढीत भागीदार असेल, तर तो संबंध निवाड्यानंतर कळण्यापेक्षा नेमणुकीपूर्वी कळलेला बरा. उशिरा उघडकीस आलेल्या संबंधाने निवाडाही डळमळतो आणि नातीही.

सत्याणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने कूटलेखक्रिया आणि न्यासापहार, म्हणजे खोटा लेख आणि ठेवीचा अपहार, यांची गणना केली आहे. लेखणी आणि पैसा यांच्याशी निगडित असलेले हे दोन दोष व्यापाऱ्याला सर्वांत जवळचे. स्वच्छ शब्दांत लिहिलेली तडजोड आणि वेळेवर उघड केलेला हितसंबंध यांतून कायदाही पाळला जातो आणि व्रतही.